गुळपोळीला पाठिंबा द्यावा, ही विनंती

झुंबरराव सानपांना आयुष्यात एकदा तरी कशाचं तरी नाव ठेवायचं होतं. म्हणजे नावं ते रोजच ठेवत. कंपनीच्या कॅन्टीनमधल्या भाजीला ठेवत, बोईसरच्या रस्त्यांना ठेवत, सोसायटीच्या पाण्याच्या पंपाला तर येता-जाता ठेवत. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पण एखादी नवीकोरी गोष्ट समोर यावी, चार माणसांनी 'सानपसाहेब, तुम्हीच सांगा' म्हणावं, आपण घसा साफ करावा आणि एक नाव उच्चारावं, हे भाग्य त्रेपन्न वर्षांत त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं.

याला कारण आत्या. पहिली मुलगी झाली तेव्हा झुंबररावांनी एका दोनशेपानी वहीत बावीस नावं काढून ठेवली होती, अर्थासकट. बीडहून त्यांची थोरली बहीण आली, पाळण्यात वाकली, 'अपेक्षा' म्हणाली, साडी घेतली आणि गेली. चार वर्षांनी मुलाच्या वेळी तीच बहीण, तोच पाळणा, 'जितेश'. वही पुढे इस्त्रीच्या कपड्यांच्या यादीला गेली. बारशात नाव ठेवायचा मान आत्याचा, हे झुंबररावांनाही मान्य होतं. पण मान्य आहे म्हणून पोटात दुखायचं थोडंच थांबतं?

आता अपेक्षाला मुलगी झाली होती. पहिलं बाळंतपण, त्यामुळे माहेरी, म्हणजे झुंबररावांकडे. बारसं येत्या रविवारी संध्याकाळी पाचला सोसायटीच्या गच्चीवर ठरलं होतं. गुरुजींनी पत्रिका बघून 'ग' अक्षर सांगितलं. आणि नाव कोण ठेवणार? तेजल. ही जावयाची, भावेश सावेची बहीण. सावे मंडळी माकुणसारची, पानवेलीची वाडी असलेली. तेजल पालघरला एका वकिलाकडे टायपिंग करायची. मुलगी हुशार, मोठ्यांचा मान ठेवणारी, झुंबररावांना 'काका काका' करणारी. तिच्याविरुद्ध बोलायला काही नव्हतं, आणि याचंच त्यांना वाईट वाटत होतं.

अशा मनःस्थितीत सोमवारी रात्रपाळीहून येऊन ते चहा पीत बसले होते, तेव्हा मोबाइलवर एक सूचना आली. ज्या कंपनीची यंत्रणा त्यांच्या फोनमध्ये होती, तिची जुनी पद्धत अशी की दरवर्षी नवी आवृत्ती काढायची आणि तिला खाण्याच्या गोड पदार्थाचं नाव द्यायचं. इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने, एफ झाला की जी. गेल्या साली 'फालुदा' झाला होता. सूचनेत लिहिलं होतं: या वर्षीचं अक्षर 'ग'. नाव सुचवण्याचा मान आमच्या लाडक्या ग्राहकांना. घोषणा रविवारी.

झुंबररावांचा कप बशीवर टेकला. गुरुजींनी ग सांगावं आणि कंपनीनेही ग सांगावा, हा योगायोग त्यांना साधा वाटला नाही. एक ग तेजलने नेला होता. दुसरा आपल्याला पाठवलाय, अशी त्यांची खात्री पटली.

"गुळपोळी," ते मोठ्याने म्हणाले.

"दिवाळी आत्ता कुठं झालीय," आतून सोजराबाई म्हणाल्या. "संक्रांतीला बघू."

सोजराबाई ही त्यांची पत्नी. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या कुठल्याही वाक्याला त्या लगेच उत्तर देत आणि ते काय बोलले याचा विचार नंतर सवडीने करत.

फॉर्म भरणं सोपं असेल असं झुंबररावांना वाटलं, कारण कंपनीने वर 'फक्त एक मिनिट' असं लिहिलं होतं. पहिल्या मिनिटात फोनने त्यांचा जन्मदिनांक विचारला. दुसऱ्या मिनिटात तो पटला नाही. मग ओटीपी आला, तो वाचून होईपर्यंत त्याची मुदत संपली. मग तुम्ही यंत्र नसून माणूस आहात हे सिद्ध करा, म्हणून नऊ चित्रं आली आणि त्यांतले सिग्नल ओळखायला सांगितलं. झुंबररावांच्या घरापासून कारखान्यापर्यंतच्या रस्त्यावर एकही सिग्नल नव्हता. सराव असणार कुठून? तीनदा चुकल्यावर फोनने त्यांना यंत्र ठरवलं आणि एका तासाने यायला सांगितलं. कारखान्याच्या स्टोअरमध्ये अडीच हजार प्रकारचे नटबोल्ट बघून ओळखणाऱ्या माणसाचा असा पाणउतारा यापूर्वी कुणी केला नव्हता.

शेवटी ते इमारतीच्या तळमजल्यावर कुंदनच्या मोबाइलच्या दुकानात गेले. कुंदनने चटाचटा सिग्नल दाबले.

"काका, नाव कायपन ठेवा, पन नवीन वर्जन जबरी हाय," कुंदन म्हणाला. "बॅटरी दोन दिवस जाते बोलतात. आणि तुमी काय टाईप करनार हाय ते फोनला आधीच समजते."

दुकानात कव्हर बदलायला आलेले रामनाथअण्णा उभे होते. झुंबररावांचे शेजारी. वीज केंद्रातून निवृत्त झालेले, आणि त्या दिवसापासून सल्ले देण्याच्या कामावर कायम झालेले.

"पंखा फिरवेल का?" अण्णांनी विचारलं.

"कोन?"

"नवीन आवृत्ती. रिमोट हरवलाय."

कुंदनने 'फिरवेल की' म्हणून सांगितलं. त्याच संध्याकाळी सोसायटीत बातमी पसरली की रविवारपासून मोबाइल पंखा फिरवणार, कर्ज हवं का म्हणून येणारे फोन स्वतः उचलून त्यांना शिव्या घालणार, आणि त्याचं नाव सानपकाका ठेवणार. दुसऱ्या मजल्यावरच्या वैभवीताईंनी तर जुना फोन विकायचा बेत रद्द केला. लोक जिन्यात थांबून झुंबररावांना नव्या आवृत्तीबद्दल विचारू लागले, आणि झुंबरराव माहीत असल्यासारखं सांगू लागले. असा मान त्यांनी आजवर चाखला नव्हता.

फॉर्म भरून झाल्यावर मात्र एक अट निघाली. नाव पुढे जायचं तर दोनशे लोकांचा पाठिंबा हवा. एका लिंकवर बोट ठेवायचं, की पाठिंबा झाला. झुंबररावांच्या फोनमध्ये तीनशे चाळीस माणसं होती, त्यामुळे त्यांना हे किरकोळ वाटलं.

"लिंक आधी पाठवू नका," रामनाथअण्णांनी सल्ला दिला. "लोक लिंक बघून घाबरतात. आधी नुसता मजकूर पाठवा. मनाला भिडेल असा. मग लिंक."

झुंबररावांनी मजकूर लिहिला. चार वेळा खोडला, पाचव्या वेळी डोळ्यांत पाणी आलं तेव्हा ठेवला. तो असा:

'सप्रेम नमस्कार. मला आयुष्यात आजवर कुणाचंही नाव ठेवण्याची संधी मिळाली नाही. ही बहुधा शेवटचीच. आता 'ग' अक्षर आलं आहे. माझी मनापासून इच्छा आहे की नाव 'गुळपोळी' असावं. आपण पाठिंबा द्यावा, ही विनंती. आपला नम्र, झुंबर सानप.'

एका दमात हा सगळ्यांना गेला. मग लिंक पाठवायला घेतली तर, ती फॉरवर्ड असल्याने, फोन पाचांच्या वर एकदम पाठवू देईना. झुंबरराव पाच-पाच करत निघाले. 'अ' झाला, 'क' झाला, 'ग' झाला, 'ज'पर्यंत पोचले आणि सोजराबाईंनी जेवायला हाक मारली. बाकीच्यांना उद्या पाठवू, असं म्हणून ठेवलं ते ठेवलंच. दुसऱ्या दिवशी बारशासाठी मांडववाल्याकडे जावं लागलं, तिसऱ्या दिवशी पंप बिघडला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अपेक्षाने लग्नानंतर वडिलांना बजावून ठेवलं होतं, की बाबा, माझ्या सासरच्यांना मोबाइलवर काहीही पाठवायचं नाही. झुंबररावांनी तसा शब्दही दिला होता. याला कारण झालं होतं. व्याह्यांच्या, म्हणजे प्रदीपभाऊ सावेंच्या साठाव्या वाढदिवशी झुंबररावांकडून त्यांना चुकून 'भावपूर्ण श्रद्धांजली' गेलं होतं, वर फुलांच्या चित्रासह. प्रदीपभाऊंनी मोठ्या मनाने 'धन्यवाद' असं उत्तर पाठवलं. पण अपेक्षा महिनाभर बोलली नाही. तीनशे चाळीस जणांना मजकूर पाठवताना झुंबररावांना ही शपथ आठवली नाही.

बुधवारी तेजलचं उत्तर आलं.

'काका, मेसेज वाचला. डोळे भरून आले. घरी आईबाबांशी पण बोलले. तुमची एवढी इच्छा आहे तर तसंच होईल. पण आता कुणाला बोलू नका. रविवारी सगळ्यांना कळू दे.'

केवढी गुणी मुलगी, झुंबररावांना वाटलं. बाकीचे अंगठा दाखवून मोकळे झाले, आणि ही घरात चर्चा करून पाठिंबा देते. त्यांनी 'आभारी आहे, तुमच्या कुटुंबाचे उपकार विसरणार नाही' असं लिहिलं. थोड्या वेळाने तिने इंग्रजीत स्पेलिंग कसं करायचं ते विचारलं. त्यांनी ते कळवलं, आणि एकच शब्द करावा, दोन करू नयेत, असंही बजावलं. मग तिने विचारलं, 'लाडाने काय म्हणायचं?' मोबाइलच्या आवृत्तीला लाडाचं नाव असतं हे त्यांना नवीन होतं, पण तरुण मंडळींना या गोष्टी जास्त कळतात. त्यांनी लिहिलं, 'गुळू.'

रविवार उजाडला. सकाळी दहाला फोनवर आलं: नवी आवृत्ती तयार आहे. घरात बायकांची गर्दी, गच्चीवर खुर्च्या लावायच्या होत्या, पाळण्याची कडी अडकत नव्हती. सोजराबाई म्हणाल्या, "तो मोबाइल ठेवा आणि आधी दोरी बांधा." झुंबररावांनी दोरी एका हातात धरली आणि दुसऱ्या हाताने बटण दाबलं. आपण ठेवलेलं नाव पहिल्यांदा आपल्याच फोनवर उमटताना बघायचं होतं. अर्धा तास लागेल असं कुंदनने सांगितलं होतं.

दुपारी एकला पडदा काळा, मध्ये एक गोल फिरतोय, खाली 'एकोणीस टक्के. कृपया फोन बंद करू नका.' दोनला चोवीस. फोन इतका तापला होता की सकाळीच आलेली अपेक्षाची आत्तेसासू 'शेक घ्यायला बरा आहे' म्हणाली.

तीन वाजता रामनाथअण्णा आले. चेहरा पाडून आले, म्हणजे सल्ला नसून बातमी होती.

"सानप, कुंदनच्या फोनवर आलं नवीन. नाव नाही."

"नाव नाही म्हणजे? कुणाचं लागलं?"

"कुणाचंच नाही. कंपनीने यंदापासून गोड पदार्थ बंद केले. नुसता आकडा दिलाय. बावीस. पंखाही फिरत नाही."

झुंबरराव कॉटवर बसले. बावीस. त्यांच्या वहीतल्या नावांइतकी. आठवडाभर ज्या माणसाला लोकांनी जिन्यात थांबवलं, तो माणूस आता जिना कसा उतरणार होता? घरात नातीचं कार्य नसतं तर ते चादर ओढून झोपले असते.

"एका परीने बरं झालं," अण्णा समजुतीने म्हणाले. "तुमचा मेसेज वाचून मी तर घाबरलोच होतो. क्षणभर वाटलं, नातीचं नाव गुळपोळी ठेवताय. लिंक काही मला आली नाही. मग कुंदनच्या दुकानातलं बोलणं आठवलं, तेव्हा कळलं की मोबाइलचं चाललंय."

"नातीचं कशाला वाटेल? त्यात स्पष्ट लिहिलंय की..." झुंबररावांनी अण्णांचा फोन ओढून घेतला आणि आपलाच मजकूर पहिल्यांदा दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचला. त्यात मोबाइल हा शब्द कुठेही नव्हता.

'ज'पर्यंत लिंक गेली होती. रामनाथ 'र'मध्ये. आणि तेजल 'त'मध्ये.

मग त्यांना एकेक आठवायला लागलं. डोळे भरून आले. आईबाबांशी बोलले. रविवारी सगळ्यांना कळू दे. इंग्रजी स्पेलिंग. लाडाने काय म्हणायचं. उद्या ही पोरगी शाळेत जाणार, बाई हजेरी घेणार, गुळपोळी भावेश सावे. लग्नाच्या पत्रिकेत चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी गुळपोळी. आणि सगळ्या जन्मात कुणीही विचारलं की हे नाव कुणी ठेवलं, तर उत्तर एकच: आजोबांनी.

"पण त्यांना शंका यायला हवी होती," ते कळवळून म्हणाले. "कुठला माणूस नातीचं नाव गुळपोळी ठेवेल?"

रामनाथअण्णांनी जरा अंदाज घेतला. "राग मानू नका. तुमचं नाव झुंबर. वहिनींचं सोजराबाई. माकुणसारच्या लोकांना वाटलं असेल, तुमच्याकडे चालत असेल असं."

हे झुंबररावांना फार लागलं, कारण ते खरं असावं असं त्यांनाही वाटलं.

"आणि एकदा जन्मदाखल्यात चढलं ना," अण्णा पुढे म्हणाले, "की मग गॅझेट. प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात जाहिरात. माझ्या मेहुण्याच्या नावात एक काना कमी होता, तीन वर्षं गेली."

तेजलला फोन करायला हवा होता. तिचा नंबर झुंबररावांच्या फोनमध्ये, आणि फोनमध्ये एकतीस टक्के. ते आतल्या खोलीत अपेक्षाकडे गेले. ती बाळाला नवं झबलं घालत होती. बाळ जांभई देत होतं, आपल्यावर काय ओढवलंय याची त्याला काडीची कल्पना नव्हती.

"तेजलचा नंबर दे गं जरा."

"कशाला?"

"सहज."

अपेक्षाने मान वर केली. "बाबा, तुम्ही त्यांना काही पाठवलंत?"

"छे. मी कशाला पाठवू," झुंबरराव म्हणाले. लेकीशी एवढं धडधडीत खोटं ते आजवर कधी बोलले नव्हते.

"मग राहू द्या. बेटेगाव मागे टाकलंय त्यांनी. पाच मिनिटांत येतील."

पाच मिनिटांत सावे मंडळी आलीच. पुढे प्रदीपभाऊ, हातात स्टीलचा भलामोठा डबा. मागे भावेश, त्याच्या हातात केकचा खोका. शेवटी तेजल, बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला थर्माकोलचा लांबलचक बोर्ड. ती झुंबररावांकडे बघून ओळखीचं, गुपितातलं हसली.

"सानपभाऊ, हा डबा तुमचेसाठी," प्रदीपभाऊ म्हणाले. "घरच्यांनी काल बसून केल्यात. गुळपोळ्या. आमी बोललो, व्याह्यांना एवढी आवड हाय तर घेऊन जाऊ. आमाला काय, तुमी जे बोलाल ते."

"तुम्ही म्हणाल ते," झुंबररावांनी कसंबसं म्हटलं.

"आमाला पयलं जरा येगळं वाटला, लपवायचा काय. पन माणसाची इच्छा मोठी. नावात काय नाय."

झुंबररावांनी तेजलला बाजूला घ्यायचा तीनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा सोजराबाईंनी तिला ओटीचं सामान दाखवायला नेलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "काका, आत्ता काही बोलू नका, सगळे बघतायत." तिसऱ्यांदा ती आपणहून जवळ आली आणि हळूच म्हणाली, "जन्मदाखल्याचा फॉर्म पण टाइप करून आणलाय मी. उद्या कामावर जाताना पालघरला देते, म्हणजे तुम्हाला हेलपाटा नको." आणि गेली. कामाची मुलगी, झुंबररावांनी मनात म्हटलं, आणि पहिल्यांदाच त्यांना कामसू माणसांची भीती वाटली.

बोर्ड गच्चीवर पाळण्यामागे ठेवला होता, वर शाल टाकून. आजूबाजूला कुणी नाही असं बघून झुंबररावांनी शालीचं टोक उचललं. गुलाबी, चमकी लावलेला, वीतभर उंचीचा 'ग'. पुढचं बघणार तोच मांडववाला ओरडला, "साहेब, हात नका लावू, ओलं आहे." ग. म्हणजे झालंच. खरं तर गुरुजींनी सांगितलेलं अक्षरही तेच होतं, पण घाबरलेल्या माणसाला एवढं सुचत नाही.

"केक पाडा," जिन्यात रामनाथअण्णा कुजबुजले. "निदान गोंधळ होईल. गोंधळात पोरीला बाजूला घ्या."

केक वर न्यायचं काम झुंबररावांनी मागून घेतलं. चार मजले. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी खोका तिरका केला. वैभवीताई दार उघडून म्हणाल्या, "सांभाळून हो काका. आणि काय झालं, ठेवलं का नाव मोबाइलचं?" तिसऱ्या मजल्यावर त्यांनी मन घट्ट केलं, पण नातीच्या पहिल्या केकवर पाय घसरवणं त्यांच्याच्याने होईना. खोका सावरताना फटीतून अंगठा मात्र आत गेला. वर पोचले तेव्हा अंगठा क्रीमने माखलेला आणि शर्टाच्या खिशातला फोन छाती भाजत होता. अठ्ठावन्न टक्के.

पाच वाजले. पाळणा फुलांनी मढवलेला. बायकांनी बाळाला पाळण्याखालून-वरून देण्याघेण्याचं सगळं यथासांग केलं. पाळणा म्हणून झाला. तेजल पुढे आली. तिच्या पाठीवर बुक्के घालायला बायका सरसावून उभ्या राहिल्या. शालीचं टोक भावेशच्या हातात.

तेजल बाळाच्या कानाशी वाकली.

"थांबा," झुंबरराव म्हणाले.

सत्तर माणसं त्यांच्याकडे वळली. सोजराबाईंनी डोळे मोठे केले. अपेक्षाने ओठ घट्ट मिटले. झुंबररावांनी घसा साफ केला. याच क्षणाची त्यांनी आयुष्यभर वाट पाहिली होती, चार माणसं गप्प बसलेली, सगळ्यांच्या नजरा आपल्यावर, आणि आता बोलायचं होतं ते हे.

"ते नाव मोबाइलचं होतं," ते म्हणाले. "गुळपोळी. नव्या आवृत्तीसाठी. मी लिंक पाठवायला विसरलो. तेजल, माझी चूक झाली. मी तुला मेसेज पाठवायलाच नको होता, मी अपेक्षाला तसा शब्द दिला होता. मला पन्नास वर्षं नाव ठेवायची हौस होती, ती मी मोबाइलवर भागवायला गेलो आणि लेकराच्या गळ्यात पडली असती. मला माफ करा. पोरीला गुळपोळी म्हणू नका. मला तुम्ही काय वाटेल ते म्हणा."

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं, तो बहुतेक कुंदन होता, आणि सगळी गच्ची हसायला लागली. प्रदीपभाऊ तर पोट धरून खुर्चीत बसले. झुंबररावांना वाटलं, या हसण्यातून आपण आता जन्मभर काही उठत नाही. पण आश्चर्य म्हणजे त्यांना हलकं वाटत होतं.

"काका," तेजल हसू आवरत म्हणाली, "आम्हाला माहीत आहे. काल सकाळी आईने काकूंना फोन केला, की तुमच्याकडे गुळपोळीत तीळ घालतात का. काकूंनी विचारलं, बारशाला गुळपोळी कशाला? मग सगळं बाहेर आलं."

झुंबररावांनी सोजराबाईंकडे पाहिलं. "काल सकाळी? आणि मला बोलली नाहीस?"

"आज सांगणारच होते. पण सकाळी मी दोरी बांधा म्हटलं तेव्हा तुम्ही बटण दाबलंत," सोजराबाई शांतपणे म्हणाल्या. "म्हटलं, राहू द्या जरा."

भावेशने शाल ओढली. गुलाबी चमकीत लिहिलं होतं: 'गाथा'.

"अरे, मोठ्यानी वाचा," प्रदीपभाऊ म्हणाले, आणि दहा जणांनी ते एकदम वाचलं. गाथा. झुंबररावांच्या छातीवरून दुपारपासून बसलेलं ओझं उतरलं. गाथा भावेश सावे. शाळेत चालेल, पत्रिकेत चालेल, कुठेही चालेल. त्यांना बसावंसं वाटलं, पण तेजलने त्यांचा हात धरून पाळण्याजवळ ओढलं.

"नाव मी ठरवलंय, तो मान माझा. पण कानात पहिल्यांदा तुम्ही सांगा, काका. माझ्या पाठीवरचे बुक्के मात्र तुम्ही खायचे."

झुंबररावांना नको म्हणायचं होतं. पण तेजलने हात सोडला नाही. ते वाकले. बाळ डोळे उघडून त्यांच्याकडे बघत होतं. कानाशी दूध-वेखंडाचा वास येत होता. ते हळूच म्हणाले, "गाथा." आणि पाठीवर बायकांचे असे दणदणीत बुक्के बसले की रामनाथअण्णा मध्ये पडले. त्यांतले सगळ्यात जोरातले दोन अपेक्षाचे होते, ते त्यांनी न बघताही ओळखले.

केक कापताना बाजूला एक खड्डा निघाला. कुणाचा ते कुणी विचारलं नाही, कारण झुंबररावांनी अंगठा अजून धुतला नव्हता.

पाहुणे गेल्यावर ते रिकाम्या गच्चीवर खुर्च्या एकात एक घालत होते, तेव्हा खिशातून एक गोड सूर आला. फोन जागा झाला होता. शंभर टक्के. नवी आवृत्ती, नाव नाही, नुसती बावीस. बॅटरी सहा टक्के उरली होती. पडद्यावर एकच चौकट आणि त्यात एक ओळ: 'तुमच्या फोनला नाव द्या.'

झुंबररावांनी ती दोनदा वाचली. आजूबाजूला पाहिलं. ना अट, ना ओटीपी, ना सिग्नल. पाठिंबाही मागितला नव्हता. ते खुर्चीत बसले, घसा साफ केला आणि एका बोटाने सावकाश लिहिलं: गुळपोळी. फोनने विनातक्रार मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात कुणाच्या तरी फोनवर जवळपासच्या फोनांची यादी निघाली आणि त्यात 'गुळपोळी' दिसली. कॅन्टीनमध्ये दिवसभर तोच विषय होता. झुंबररावांनी 'माझाच आहे' असं सरळ सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेजलने फॉर्म दिल्याचा मेसेज पाठवला आणि त्यांनी उत्तरात नुसता नमस्कार केला, एक शब्द लिहिला नाही.

संध्याकाळी घरी येऊन ते फोन चार्जिंगला लावत होते. आतल्या खोलीत बाळ रडायला लागलं. सोजराबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, गुळू उठली. जरा पाळणा हलवा."

झुंबररावांनी फोन तिथेच ठेवला आणि आत जाऊन दोरी हातात घेतली.